मदत हवी आहे: तंबू नको, स्लीपिंग बॅग नको, पण पहाटे तीनला हुडहुडी भरते

नमस्कार मंडळी,

तंबू, स्लीपिंग बॅग, फुगवायची गादी असा सगळा संसार पाठीवर वाहून कंटाळलो, म्हणून यंदा जुन्या पद्धतीनं जायचं ठरवलं. वळकटी बांधायची, संध्याकाळी सोडायची आणि आडवं व्हायचं. सामान म्हणजे दोन लोकरीच्या घोंगड्या, एक सुती सतरंजी, एक प्लास्टिकची ताडपत्री आणि दोरी, बस. ऐकायला फार झकास वाटतं. प्रत्यक्षात दोन रात्रींत झोप कमी झाली, कुशी बदलणंच जास्त.

पहिल्या रात्री ओढ्याकाठी सपाट, मऊ जागा मिळाली. डोक्यावर मोकळं आकाश. खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी आणि दोन्ही घोंगड्या अंगावर. झोप लगेच लागली. तीनच्या सुमारास जाग आली ती पाठीच्या गारठ्यानं. छाती उबदार आणि पाठ बर्फावर टेकवल्यासारखी. उजाडल्यावर पाहिलं तर वरची घोंगडी दवानं चिंब.

दुसऱ्या रात्री शहाणपण केलं. दव नको म्हणून ताडपत्रीच अंगावर ओढली, घोंगड्यांना चिकटवून चांगली गुंडाळून घेतली. सकाळी घोंगडी आतून ओली! पाऊस नाही, दव आत शिरायला फट नाही, मग पाणी आलं कुठून?

पहाटे साधारण 8 ते 10 अंश असावं, म्हणजे फार कडाक्याची थंडी नाही. मी कुशीवर झोपणारा आहे, त्यामुळे खुब्याचं हाडही रात्रभर बोलत असतं. आणखी एक घोंगडी घेऊ का? की शेकोटी पेटवून तिच्याजवळ झोपू? 'स्लीपिंग बॅग घ्या' हे उत्तर कृपया नको, ती माळ्यावर पडून आहे.

आडवाट:
तिसरी घोंगडी नको. आहेत त्याच दोन चुकीच्या बाजूला आहेत.

घोंगडी स्वतः ऊब देत नाही. तिच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. अंगाखाली ती हवा वजनानं दाबली जाते, आणि सतरंजीत तर मुळात हवा फारशी नसतेच. म्हणजे तुम्ही जवळजवळ उघड्या जमिनीवर झोपलात. जमीन प्रचंड मोठी, तुम्ही एवढेसे. रात्रभर तापवलीत तरी ती तापणार नाही. अंगावर चार घोंगड्या घेतल्या असत्या तरी पाठ गारच राहिली असती.

म्हणून आधी खाली बघा. जागेवर गळून पडलेला कोरडा पाला किंवा वाळलेलं गवत असेल तर हातभर जाडीचा थर घाला. आडवं झाल्यावर तो चार बोटं उरतो, तेवढा पुरतो. कोरडा म्हणजे कडकड वाजणारा, आणि हिरवं काही तोडू नका, ओलसर पाल्याचा उपयोगही नाही. अंथरण्याआधी काठीनं नीट ढवळा, त्यात कोणाचा तरी आधीच मुक्काम असू शकतो. दोन्ही बाजूंना जाड ओंडके लावले की पाला रात्रीतून पसरत नाही. त्यावर ताडपत्री किंवा सतरंजी, मग घोंगडी. पाला मिळणार नसेल तर फोमची साधी चटई न्या, त्यात काही कमीपणा नाही.

आणि ओढ्याकाठी झोपू नका. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत खाली येऊन तळाशी साचते. थोडं वर चढून उतारावरची सपाट जागा बघा. अगदी माथ्यावरही नको, तिथे वारा खातो.

उशाशी_कंदील:
आडवाट यांच्याशी सहमत. पाण्याचं कोडं मी सोडवतो: ते पाणी तुमचंच आहे. घाम आला नसला तरी कातडीतून आणि श्वासातून रात्रभर वाफ निघत असते. घोंगडीतून ती आरामात पार जाते, पण वर गार प्लास्टिक भेटलं की तिथेच तिचं पाणी होतं आणि परत घोंगडीत उतरतं. ताडपत्री अंगापासून निदान हात-दीड हात वर हवी आणि दोन बाजू तरी उघड्या हव्यात.

दवाचं गणित वेगळं. निरभ्र रात्री उघड्यावरची वस्तू आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून तिच्यावर दव धरतं. मधे काहीतरी आडोसा आला की हे थांबतं. दोन झाडांमध्ये दोरी ताणून ताडपत्री टाकली तरी घोंगडी कोरडी राहते, दाट झाडाखालीही दव कमीच पडतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. लोकर आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पिते तरी हाताला ओली लागत नाही, आणि दमट झाली तरी बरीच ऊब टिकवते. सुती सतरंजी तसं करत नाही, ती भिजली की गारच. आणि थंडी वाजली म्हणून तोंड घोंगडीत खुपसू नका, श्वासाचं सगळं पाणी आत जातं. कानटोपी घाला.

भिरभिर:
झाडाखाली झोपाच, पण आधी मान वर करून वाळकी फांदी लटकत नाही ना ते बघा. लोक दिवसभर पायाखालचे दगड बघतात, हे बघत नाहीत.

जुना_मुक्काम:
घड्या घालायची पद्धत कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. मी वर्षानुवर्षं दोन घोंगड्यांतच झोपतो.

पहिली घोंगडी अंथरा. दुसरी तिच्यावर अशी टाका की पहिलीचा उजवा अर्धा भाग झाकला जाईल आणि दुसरीचा उरलेला अर्धा भाग उजवीकडे बाहेर येईल. जिथे दोन्ही एकमेकींवर आहेत तिथे झोपायचं. मग दुसरीचा मोकळा भाग अंगावर घ्या आणि त्यावर पहिलीचा डावा भाग ओढा. दोन घोंगड्यांत खाली दोन थर, वर दोन थर! पायाकडचा भाग हातभर आत दुमडा आणि कडेला तीन-चार मोठ्या सेफ्टी पिना लावा, नाहीतर पहिल्या कुशीलाच सगळं सुटतं. वाऱ्याकडे उघडी कड येऊ देऊ नका. घोंगडीचा पन्हा निदान पाच फूट हवा, अरुंद असली तर हे जमत नाही, उगाच ओढाताण होते.

खुब्यासाठी उपाय जमिनीतच आहे. अंथरूण घालण्याआधी आडवे व्हा, खुबा कुठे टेकतो ते बघा आणि तिथली माती उकरून दोन-तीन बोटं खोल, पसरट खळगा करा. निघताना बुजवा. कातळावर असाल तर उलटं करायचं: कंबरेच्या पोकळीत कपड्यांची गुंडाळी, दुसरी गुडघ्यांमध्ये.

चकमक:
शेकोटीबद्दल: पेटवू शकता, पण रात्रभरची शेकोटी म्हणजे रात्रभरचं जागरण. तासाभरात निखारे उरतात, तुम्ही झोपेत तिकडे सरकता आणि प्लास्टिकला ठिणगीनं भोकं पडतात. लोकर सहज पेट घेत नाही एवढंच समाधान. त्यापेक्षा धातूच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण दोनदा तपासा, बाटली मोज्यात घाला आणि मांड्यांच्या मध्ये घेऊन झोपा. चांगले काही तास जातात.

बंद तंबूत निखारे मात्र कधीच नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे काही कळायच्या आत माणूस जातो. आणि ओढ्यातले दगड शेकोटीत तापवू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात.

आडवाट:
@चकमक, बाटली ठीक, पण शेकोटीला एवढं झिडकारू नका. एका बाजूनं तिरकी उतरलेली ताडपत्री आणि उघड्या बाजूला, दोन-तीन पावलं सोडून, अंगाच्या लांबीएवढी शेकोटी असेल तर खरंच छान झोप लागते. फक्त लाकूड भरपूर हवं आणि तिथे आग पेटवायला मनाई नको. कोरड्या गवताच्या दिवसांत मीही नाहीच म्हणेन. विशेषतः मी सांगितलेल्या पाल्याच्या गादीवर झोपणार असाल तर!

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल प्रयोग केला. ओढा सोडून वर चढलो, पाल्याचा थर, वर सतरंजी, ताडपत्री दोन झाडांमध्ये, घोंगड्या जुना_मुक्काम यांच्या पद्धतीनं (पहिल्या दोन वेळा उलट्याच घातल्या, डावं-उजवं चुकलं). खळगा केला. शेकोटी नाही, बाटली घेतली.

दहाला झोपलो ते साडेपाचला उठलो. तेही थंडीनं नाही, बाटली भरून उरलेलं पाणी झोपण्याआधी पिऊन टाकण्याचा मूर्खपणा केला होता म्हणून. घोंगडी कोरडी, ताडपत्रीच्या वरच्या बाजूला मात्र दवाचे थेंब. खुबा गप्प.

एकच तक्रार. कूस बदलली की पाला असा कुरकुरतो की दर वेळी कोणीतरी आलंय असं वाटून मी डोकं वर काढतो. यावर काही?

आडवाट:
दुसऱ्या रात्री पाला दबतो, आवाज जातो. पण दबला की ऊबही कमी होते, मग वर नवा टाकावा लागतो आणि तो पुन्हा वाजतो.

धागाकर्ता:
मग वाजू दे.