मदत हवी आहे : गारठा वाढल्यापासून कासव मंदावलंय, शीतनिद्रा की आजार?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे हर्मन जातीचं कासव आहे. नर, वय साधारण आठ वर्षं, नाव ढब्बू. हवा गार व्हायला लागली तसा तो दिवसेंदिवस सुस्त होत चाललाय आणि माझा जीव खालीवर होतोय. ज्यांनी कासवं पाळली आहेत, त्यांनी कृपया सांगा, हे ऋतूप्रमाणे होणारं नेहमीचं मंदावणं आहे की काहीतरी बिनसलंय?

जे दिसतंय ते सगळं लिहिते. एरवी सकाळी दिवा लागला की थोड्या वेळात हा मातीतून वर येतो, दिव्याखाली पाय पसरून शेकत बसतो आणि मग पाल्याकडे वळतो. आता दुपार झाली तरी कोपऱ्यात मातीत रुतलेलाच असतो. उचलून दिव्याखाली ठेवला तर मान बाहेर येते, डोळे उघडतात, एकदोन पानं कुरतडतो आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात जातो. जास्वंदीचं फूल म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण काल त्याचाही फक्त वास घेतला आणि मान वळवली. शी जवळजवळ बंद आहे.

डोळे स्वच्छ आहेत, नाक कोरडं आहे. चालतो तेव्हा अंग उचलून चालतो, पोट घासत नाही. उन्हाळा संपताना वजन ७१० ग्रॅम होतं, आज ६८५ भरलं.

तो वरून उघड्या लाकडी पेटीत राहतो. खाली माती आणि वाळू, एका टोकाला उष्णतेचा दिवा आणि यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी). रात्री दोन्ही बंद असतात. पेटी जमिनीवरच ठेवलेली आहे. आतापर्यंत त्याला कधी शीतनिद्रेत घातलेलं नाही.

ओळखीतले काहीजण म्हणतात, कासवं थंडीत झोपतातच, उगाच उठवू नकोस. बाकीचे म्हणतात, ऊब दे. दोन्हीकडची माणसं इतक्या खात्रीने बोलतात की मी काय करावं तेच कळेनासं झालंय. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

काळजी करू नका. कासवाचं शरीर त्याला बरोबर सांगतं. खोक्यात कोरडी पानं घाला, त्यात त्याला ठेवा आणि खोकं थंड कोपऱ्यात सरकवून द्या. वसंतात आपोआप जागा होईल.

प्रतिसाद

वरच्या सल्ल्याप्रमाणे कृपया लगेच काही करू नका, कारण पुढे लिहितेच. आधी ताई, तापमान मोजून सांगा. खोलीचं नको, पेटीतलं हवं, तेही कासवाच्या पाठीच्या उंचीवर. तीन आकडे द्या : दिव्याच्या बरोबर खाली, पेटीच्या थंड टोकाला, आणि पहाटे. भिंतीवरच्या थर्मामीटरवर जाऊ नका. तो माणसाच्या उंचीवरची हवा दाखवतो, कासव जमिनीलगत जगतं.

धागाकर्ती

मोजलं. दिव्याखाली २७ अंश, थंड टोकाला १६, पहाटे १२. दिवा तोच आहे, उन्हाळ्यात दिव्याखाली ३४ च्या आसपास असायचं.

प्रतिसाद

मग बरंच काही उलगडलं. दिवा तेवढीच उष्णता देतोय, पण भोवतालची हवा आणि जमीन गार झाल्यामुळे ती पुरत नाही.

कासव स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. हर्मनला पोटातलं पचवायला दिवसाचे काही तास ३२ ते ३५ अंशांची शेकायची जागा लागते. २७ अंशांत तो जेमतेम जागा राहतो, खातो थोडं, आणि जे खातो ते आतड्यात रेंगाळतं. भूक मंदावणं हे अशा वेळी शरीराचं शहाणपणच आहे.

आता खोक्यात झोपवण्याबद्दल. हर्मन निसर्गात शीतनिद्रा घेतो हे खरंच. पण शीतनिद्रेसाठी साधारण ५ अंश तापमान लागतं, ३ ते ८ च्या दरम्यान, आणि तेही स्थिर. एवढ्या थंडीत शरीराचे व्यवहार इतके मंद होतात की साठवलेल्या चरबीवर महिनोन् महिने निभतं. तुमच्याकडे १२ ते १६ अंश आहे. या पट्ट्यात कासव धड झोपत नाही आणि धड जागंही राहत नाही. शरीर चालू राहतं, साठा जळत राहतो, खाणं मात्र शून्य. जी कासवं हिवाळ्यानंतर खंगलेली निघतात त्यातली बरीचशी या मधल्या अवस्थेत अडकलेली असतात. थंडीने नुकसान होतं ते शून्याच्या खाली, डोळ्यांना कायमची इजा होते, आंधळेपणही येतं. पण घरात पाळलेल्या कासवाला जास्त धोका अर्धवट उबेचा असतो, कारण तो दिसत नाही. कासव शांत पडून असतं आणि आपल्याला वाटतं, झोपलंय.

दुसरं म्हणजे पोट. शीतनिद्रेआधी मोठ्या कासवाचं खाणं तीनचार आठवडे बंद ठेवतात, लहानाचं त्याहून कमी. त्या काळात शेकायला पूर्ण ऊब आणि रोज कोमट पाण्यात बसवणं चालू ठेवतात, म्हणजे आतडं रिकामं होतं आणि अंगात पाणी भरपूर राहतं. ढब्बूने कालपरवापर्यंत पानं कुरतडली आहेत आणि शी झालेली नाही. म्हणजे पोटात अन्न आहे. तसाच थंडीत ठेवला तर ते आत सडेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : एकतर पूर्ण ऊब, नाहीतर तयारी करून पूर्ण शीतनिद्रा. यंदा तुमच्यासाठी पूर्ण ऊब. एखादा हिवाळा जागं ठेवल्याने निरोगी कासवाचं काही बिघडत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आमच्याकडची दोन हर्मन दर हिवाळ्यात शीतनिद्रा घेतात, म्हणून लिहिते. ती फ्रिजमध्ये झोपतात, त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये. आत थर्मामीटर असतो, हवा खेळती राहावी म्हणून दार अधूनमधून उघडते, ठरावीक दिवसांनी वजन करते. झोपवताना जेवढं वजन होतं त्याच्या दहा टक्क्यांनी ते उतरलं, किंवा मधेच लघवी झालेली दिसली, तर लगेच उठवायचं असतं, कारण लघवीवाटे साठवलेलं पाणी गेलेलं असतं. झोपवण्याआधी पशुवैद्यांची तपासणी. आजारी, नुकतं आजारातून उठलेलं, किंवा वजनाने हलकं कासव कधीही झोपवायचं नाही. तुमचं वजन साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरलंय, ते घाबरण्याइतकं नाही, पण ते झोपेच्या *आधीच* उतरलंय हे लक्षात घ्या.

शीतनिद्रेला माझा विरोध नाही, उलट नीट झाली तर ती या जातीला मानवते असंच मला वाटतं. फक्त ती आपण ठरवून घडवायची गोष्ट आहे. गारठा पडला म्हणून आपोआप घडू द्यायची नाही.

प्रतिसाद

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी : हे सगळं हर्मन, ग्रीक आणि रशियन कासवांना लागू आहे. सुलकाटा, लेपर्ड, रेडफूट आणि स्टार कासवं शीतनिद्रा घेतच नाहीत. ती थंडीत मंदावली तर त्याचा अर्थ एकच, त्यांना थंडी बाधतेय. त्यांना झोपवायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. आपलं कासव नेमकं कोणत्या जातीचं, याची खात्री नसेल तर ते झोपणारं नाही असं धरूनच वागा आणि ऊब द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्यांदा काय झालंय ते नीट समजलं. ऊब वाढवायला लगेच लागते. पण रात्रीचं काय? रात्रभर दिवा चालू ठेवला तर झोप मोडेल ना? आणि आजार नाहीच, हे कशावरून ओळखायचं?

प्रतिसाद

रात्री उजेड नको, बरोबर. हर्मनला रात्री थोडा गारवा चालतो, निरोगी असेल तर १५ ते १८ पुरे. सध्या तो खात नाहीये, म्हणून १८ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी सिरॅमिक हीटर मिळतो, तो उष्णता देतो, उजेड देत नाही. थर्मोस्टॅटशिवाय लावू नका आणि लाकडापासून, सुक्या गवतापासून लांब, वरून पक्का टांगलेला असू द्या. खालून तापणारे दगड किंवा गाद्या वापरू नका. कासवाला ऊन वरून घ्यायची सवय, पोटाखालचा चटका त्याला वेळेवर कळत नाही आणि पोटाचं कवच भाजतं.

पेटी आजच जमिनीवरून उचला. टेबलावर ठेवा, जमत नसेल तर खाली जाड थर्माकोल सरकवा. बाजूने फटीतून वारा लागत असेल तर तोही अडवा. यानेच थंड टोकाचे दोनतीन अंश वाढतील. मग दिवा थोडा खाली घ्या, किंवा जास्त वॅटचा लावा, आणि पुन्हा मोजा. दिव्याखाली ३२ ते ३५, थंड टोकाला २० ते २२ यायला हवं. सगळी पेटी एकसारखी तापवू नका, त्याला ऊब आणि गारवा यात निवड करता आली पाहिजे.

उजेडाचे तासही वाढवा. दिवस लहान झाल्याची खूण कासवाला उजेडावरून कळते, नुसत्या उबेने ती खूण पुसली जात नाही. टायमर लावून दिवा आणि ट्यूब रोज १२ ते १३ तास चालू ठेवा. यूव्हीबी ट्यूब जुनी झाली असेल तर बदला, ती उजेड देत राहते पण यूव्हीबी हळूहळू कमी होतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर भिस्त ठेवू नका, काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते.

रोज पंधरावीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. मान खाली घालून पिऊ लागला की गळ्याची कातडी हलताना दिसते, ती जरूर बघा. पाण्यात बसला की बहुतेक वेळा लघवी करतो आणि तिच्याबरोबर पांढरा युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट पांढरा भाग, पडतो. तो टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक, खडेदार असेल तर अंगात पाणी कमी आहे. ऊब चढायच्या आत मात्र खायला घालायची घाई करू नका.

प्रतिसाद

आजाराबद्दल मी सांगते. नाकाशी बुडबुडे किंवा ओल, तोंड उघडं टाकून किंवा मान लांबवून श्वास घेणं, श्वासाचा टिकटिक आवाज, सुजलेल्या किंवा चिकटलेल्या पापण्या, तोंडात पिवळट थर, मऊ पडलेलं कवच, पाय लुळे पडणं. यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे जायचं. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर चांगले असले तरी कासवाचं आधी विचारून घ्या.

आणि यातलं काहीच दिसलं नाही, पण पूर्ण ऊब मिळून आठवडा झाला तरी खात नसेल, तर तेव्हाही जा. माझ्या मते हीच खरी परीक्षा आहे. थंडीने मंदावलेलं कासव उबेला उत्तर देतं, आजारी कासव देत नाही. जाताना शीचा ताजा नमुना न्या, जंत तपासता येतात. पोटात जंत भरपूर झाले तरी भूक मरते, आणि ते बाहेरून कळत नाही.

धागाकर्ती

पुढचं कळवते. पेटी टेबलावर घेतली, दोन बाजूंना थर्माकोल लावला, दिवा खाली घेतला, ट्यूब नवी बसवली. आता दिव्याखाली ३३, थंड टोकाला २१, पहाटे सिरॅमिक हीटरमुळे १८. पहिले एकदोन दिवस काहीच फरक नव्हता, मी कासावीस झाले होते. मग एका सकाळी बघते तर स्वारी आपणहून दिव्याखाली, मागचे पाय लांब ताणून. पाण्यात बसवल्यावर शी झाली, भरपूर. युरेट मऊ होता. संध्याकाळी जास्वंदीचं फूल अख्खं संपलं.

तरीही पशुवैद्यांकडे नेलं. तोंड, डोळे, श्वास ठीक. शीमध्ये थोडे जंत निघाले, वजनाप्रमाणे औषध दिलंय, काही आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यायचाय. यंदा जागंच ठेवायचं, असं त्यांनीही सांगितलं. पुढच्या वर्षी शीतनिद्रा द्यायची असेल तर तयारी कधीपासून करावी?

प्रतिसाद

उन्हाळा संपता संपता. तपासणी आणि जंतांचा नमुना तेव्हाच करून घ्या, म्हणजे औषध लागलंच तर ते अंगातून जायला आणि वजन भरायला वेळ मिळतो. आतापासून आठवड्याला एकदा, एकाच काट्यावर, शक्यतो पाण्यात बसवण्याआधी वजन करून लिहून ठेवा. कवचाची लांबीही महिन्यातून एकदा लिहा. पुढच्या वर्षी झोपवायचं की नाही, हे त्या वहीवरून डॉक्टरांना पटकन सांगता येईल.

जंताचं औषध चालू आहे तोवर रात्रीचं तापमान १८ च्या खाली अजिबात जाऊ देऊ नका.