रात्री पोळ्या नाहीत, म्हणजे ‘जेवण नसतंच’ का?

कुकरवाली
परवा भिशीला नात्यातल्या एका बाईंनी सहज विचारलं, रात्रीच्या पोळ्यांना बाई ठेवलीयस की स्वतःच करतेस? म्हटलं, रात्री पोळ्या करतच नाही, गणपतीपासून बंद केल्या. त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडे रात्री जेवण नसतंच?” आणि पुढची चकली उचलली. चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

घर कांजूरला, ऑफिस फोर्टात. सीएसएमटीहून साडेसहाची स्लो मिळाली तर भाजी घेऊन घरी पोचेपर्यंत पावणेआठ. घरात चार माणसं: मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. सकाळी डब्यांसाठी चौदा पोळ्या आणि भाजी होते, ती मी बंद केलेली नाही, करणारही नाही. पण संध्याकाळी परत कणीक, परत पोळपाट, परत ओटाभर पीठ, याला रजा दिली.

आता रात्री एक कुकर आणि एक कढई. खिचडी-कढी, पिठलं-भात, पालक घातलेलं वरण आणि भात, कधी वालाची खिचडी, एखाद्या दिवशी थालीपीठ-दही. घरात पाय ठेवला की आधी डाळ-तांदूळ भिजत टाकायचे, मग पर्स खाली ठेवायची. हातपाय धुऊन चहा होईतो डाळ फुगते. डाळीत हिंग, हळद आणि तेलाचा एक थेंब, म्हणजे शिट्टीतून पिवळे फवारे उडून टाइल्स पुसत बसावं लागत नाही. वरच्या डब्यात तांदूळ. शिट्ट्या होतायत तोवर लसूण सोलून होतो. पावणेनऊला चौघंही ताटावर. वरून तूप, लिंबाची फोड, भाजलेला पापड.

माझ्या मते हे जेवणच आहे, पूर्ण जेवण. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर हे सगळं दोन्ही वेळेला झालंच पाहिजे, हा हट्ट नोकरीवाल्या घरानं सोडावा. बोला.

घाटावरचा
ताई, राग मानू नका, पण नुसत्या भातानं आम्हाला जेवल्यासारखं वाटत नाही. मूळचा साताऱ्याकडचा, पंधरा वर्षं भांडुपला आहे. आमच्यात भात म्हणजे शेवटी ताकाबरोबर चार घास. तेवढ्यावर झोपलं तर रात्री दीडला डबे उघडून फरसाण शोधावं लागतं. जेवण म्हणजे भाकरी. आणि पिठलं भाताबरोबर? वाचूनच कसंतरी झालं.

खाडीकाठची
दादा, आमच्या कोळीवाड्यात येऊन हे बोलून दाखवा 😄 कालवण आणि भात, हेच आमचं जेवण. आजीच्या हातची भाकरीसुद्धा तांदळाची. ओल्या बोंबलाचं कालवण वीस मिनिटांत होतं आणि दीडला कोणालाही भूक लागत नाही. पोळी नसली तर जेवण नाही, हा हिशेब आमच्याकडे कधी नव्हताच.

जुनं_रेशनकार्ड
खाडीकाठची यांचा मुद्दा पुढे नेतो. रोजची गव्हाची पोळी ही फार जुनी परंपरा आहे असं आपण धरून चालतो. कोकणात तांदूळ आणि नाचणी, देशावर ज्वारी-बाजरी, आणि पोळी सणावारी नाहीतर पाहुण्यांसाठी, असंच बऱ्याच घरांतलं चित्र होतं. मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं १९४३ मध्ये. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा, म्हणजे धान्यमदतीचा, करार झाला, बोटी भरभरून गहू आला आणि रेशनच्या दुकानातून घराघरांत गेला. हरितक्रांतीनंतर तर गहूच गहू. १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, ज्यांनी खाल्लीय त्यांना विचारा, गव्हाची पोळी ही काय चैन होती. त्यामुळे भिशीवाल्या बाईंची ‘परंपरा’ फार तर दोन-तीन पिढ्यांची.

पार्ल्याची_आजी
इतिहास ठीक आहे हो, पण पोटाला इतिहास वाढता येत नाही.

माझं वय एकाहत्तर. मी बँकेत नोकरी केली, पार्ले ते चर्चगेट, तीस वर्षं. तेव्हा ‘तुम्हाला घरी बसून काय कळणार’ हे आधीच बाद. कुकरवालीचं मला पटलेलं नाही, आणि कारण पोळी नाही.

ताटात डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, आमटी. हे काही शोभेसाठी मांडलेलं नाही. डावी बाजू गेली की कच्चं खाणं गेलं, उजवी गेली की भाजी गेली, आणि मध्ये उरला भात. तिनं दिलेले पदार्थ पुन्हा वाचा. खिचडी म्हणजे डाळ-तांदूळ. पिठलं म्हणजे बेसन. थालीपीठ म्हणजे भाजणी. पाच रात्रींत भाजी एकदा, तीही वरणात लपवून! पोट भरतं, जीभ खूश राहते, म्हणून हे लक्षातही येत नाही. पण सहा महिन्यांत दुधी, पडवळ, घोसाळी, लाल भोपळा घरात यायचा बंद होतो. मुलगा आठवीत आहे. आता पडवळाची चव नाही लागली तर पुढे हॉस्टेलवर कोण लावणार?

आणि कोशिंबिरीला वेळ किती लागतो? काकडी चोचवायची, दाण्याचं कूट, मीठ, साखर, लिंबू. आवडत असेल तर वरून हिंग-मिरचीची फोडणी. सात मिनिटं. तेवढ्यात तुमची एक शिट्टीही होत नाही.

कुकरवाली
आजी, पदार्थांचं झोंबलं. खरं आहे म्हणूनच झोंबलं. पण सकाळच्या डब्यात भाजी असते हे तुम्ही धरलंच नाही. आणि काकडी चोचवायला सात मिनिटं लागतात ती चोचवणाऱ्याची. आधी ती आणायची आठवण ठेवायची, धुवायची, कडू निघाली तर टाकायची, सकाळीच दाणे भाजून कूट केलेलं असायला हवं. ती मिनिटं कोणी मोजत नाही. ट्रेनमध्ये भायखळ्यापासून डोक्यात एकच चालू असतं, आज काय करू. स्वयंपाकापेक्षा मी त्यानंच जास्त दमते.

वाटी_आणि_वजन
आहार हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून थोडं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्यानं काढल्या. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यातलं ताट साधारण असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, शिवाय फळं, दूध, थोडे दाणे-तेलबिया. सगळी वजनं कच्च्या मालाची. चौघांच्या घराला म्हणजे रोज दीड किलोच्या वर भाजी. आजींचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर. सकाळच्या डब्यातली दोन डाव भाजी त्याच्या जवळपासही जात नाही.

पण डाळ-भाताला ‘नुसता भात’ म्हणू नका. लायसिन आणि मेथिओनिन ही प्रथिनं ज्यांची बनतात त्यातली दोन अमिनो आम्लं. डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, तांदळात नेमकं उलटं. दोन्ही एकत्र आले की प्रथिनांची एकमेकांची उणीव भरून निघते. गडबड प्रमाणात होते. आपण खिचडीला दोन वाट्या तांदूळ आणि मूठभर डाळ घेतो. डाळ-तांदूळ निम्मेनिम्मे घ्या, त्यात गाजर, फरसबी, मटार, दुधी काय असेल ते ढकला. भांडं एकच लागतं.

मीटरवर_नजर
मला मधुमेह आहे. भात चांगला की पोळी, हे आमच्या घरातलं भांडण मी डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, दोन्ही कमी करा. घरी आल्यावर दोन्ही पक्षांनी मलाच धारेवर धरलं. आता रात्री मुगाची धिरडी आणि भरपूर भाजी. ‘साधं जेवण’ म्हणून सगळ्यांना एकच ताट वाढता येत नाही, एवढंच.

ओटा_रिकामा_करा
एवढी चर्चा झाली, पण पावणेआठ ते पावणेनऊ नवरा कुठे असतो हे कोणीच विचारलं नाही? पोळी हवी की नको हे ठरवणार सगळे आणि लाटणार एकटी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ ची वेळ-वापराची पाहणी आहे. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७. ‘करणाऱ्या’ हा शब्द नीट वाचा. न करणारे त्या ९७ मध्ये धरलेलेच नाहीत.

आजी, तुमच्या त्या सात मिनिटांच्या कोशिंबिरीबद्दल आदर आहे. पण तीस वर्षं ती तुम्हीच चोचवलीत ना? तुमच्या घरातल्या कोणी कधी हातात काकडी घेतली होती?

पार्ल्याची_आजी
नाही घेतली. तेव्हा विचारायचं सुचलंही नाही. पण म्हणून काकडीला दोष देऊ नका.

कुकरवाली
नवरा सव्वाआठला येतो. ताटं घेतो, पाणी भरतो, जेवणानंतर ओटा आवरतो.

ओटा_रिकामा_करा
ताटं घेणं म्हणजे स्वयंपाक नव्हे, ताई. 🙏

घाटावरचा
आता मला बोलावंच लागतंय. वर सगळ्यांनी धरून चाललंय की भाकरी मागणारा म्हणजे हुकूम सोडणारा. आमच्याकडे भाकरी मीच करतो. बायको नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट. पहिल्या वर्षी माझी भाकरी भारताच्या नकाशासारखी व्हायची, तीही श्रीलंकेसकट.

पोळीपेक्षा भाकरी सोपी आहे, हे शहरातल्या लोकांना कोणी सांगितलेलं नसतं. तेल नाही, घड्या नाहीत, कणीक मुरत ठेवायची नाही. परातीत ज्वारीचं पीठ, कोमट पाणी, तळहाताच्या मुळानं रगडून मळायचं. एका भाकरीपुरतंच मळायचं, सगळं एकदम नाही. थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी थेट आचेवर. टम्म फुगली की झालं. सहा भाकऱ्यांना पंचवीस मिनिटं. अडतं कुठे, तर पिठावर. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग थापताना कडा चिरतात आणि माणूस म्हणतो मला जमत नाही. तेव्हा उकळतं पाणी घालून उकड काढा, जमेल. किंवा गिरणीतून एका वेळी दोनच किलो दळून आणा. महिन्याभराचं दळण करणारेच भाकरीला नावं ठेवतात.

सोबत मिरचीचा खर्डा, दही, फोडलेला कांदा आणि एखादी पालेभाजी. मेथी नुसती लसणावर परतायची, दहा मिनिटं. कुकरसुद्धा लागत नाही. तेव्हा ताई, तुमचं ते ‘एक कुकर, एक कढई’ मला अजून पटलेलं नाही. मी एक तवा, एक कढईवाला.

खाडीकाठची
हे आधी सांगायचं ना! भाकरी थापणाऱ्या माणसाचं सगळं माफ. पिठलं-भाताबद्दल जे बोललात ते सोडून.

जुनं_रेशनकार्ड
ज्वारीचा भाव बघून बोला. गरिबाची भाकरी आता गव्हापेक्षा महाग पडते. आमच्या दुकानात तरी तसंच आहे.

अंधेरीचा_पेइंग_गेस्ट
तुमचं ‘साधं’ वाचून गंमत वाटतेय. माझ्याकडे एक इंडक्शन, एक पातेलं, एक सुरी, आणि घरमालकीणबाईंची अट की मासे नाहीत. नाक्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणतो, त्या थंड झाल्या की चामड्याच्या होतात. आठवड्यातून पाच दिवस मऊभात आणि मेतकूट, वर आईनं दिलेलं तूप. यात ना डावी बाजू ना उजवी, पण बाहेरची बिर्याणी खाल्ल्यावर जसं वाटतं तसं मेतकूट-भातानंतर वाटत नाही.

एक विचारायचं होतं. पिठलं दोनदा केलं, दोन्ही वेळा गुठळ्या. दुसऱ्या वेळी तर भजी तरंगतायत असं वाटलं. काय चुकतंय?

पार्ल्याची_आजी
बाळा, अर्धी वाटी बेसन आधी गार पाण्यात कालवून घे, दह्यासारखं, अगदी गुठळी मोडून. मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरची अशी फोडणी कर, कांदा परत, दीड वाटी पाणी घालून उकळी येऊ दे. मग कालवलेलं बेसन एका हातानं ओतायचं, दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ. आणि सोबत कांदा, टोमॅटो काहीतरी चिर. पातेलं एक असलं तरी सुरी आहे ना तुझ्याकडे?

घाटावरचा
आजी, कालवून करतात ते पिठलं? ते बेसनाचं सूप झालं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पेरायचं असतं, चिमटी-चिमटीनं, नि रवीनं घोटायचं. बारीक गुठळी राहिली तर राहू दे, तीच तर दाताखाली येते.

पार्ल्याची_आजी
त्याला आमच्याकडे ‘फसलेलं पिठलं’ म्हणतात.

कुकरवाली
पिठल्याचं तुमचं चालू द्या, तेवढ्यात हिशेब देते. आजींच्या बोलण्यावरून काल स्टेशनबाहेरून पडवळ घेतलं. डाळीच्याच डब्यात फोडी टाकल्या, वेगळं भांडं नाही. मुलानं फोडी उचलून ताटाच्या कडेला ओळीनं लावल्या, सासूबाईंनी त्या स्वतःच्या ताटात घेतल्या. आज परत टाकणार आहे. काकडी नवरा चोचवतो, कालपासून. इतकी जाड की कोशिंबीर चावायला वेगळी पाच मिनिटं लागतात. पोळ्या मात्र रात्री होणार नाहीत, आणि पुढच्या भिशीला मी हे स्वतःहून सांगणार आहे.

वाटी_आणि_वजन
मुलाला पडवळ बारीक कापून, चणाडाळ घालून कोरडं परतून द्या. डाळीत शिजवलेलं पडवळ मला चाळिशीतही आवडत नाही.

अंधेरीचा_पेइंग_गेस्ट
आजींच्या पद्धतीनं केलं. एकही गुठळी नाही. मीठ विसरलो, ते वरून घेतलं. टोमॅटोही चिरला. उद्या पेरून करून बघतो.