आयर्नच्या ‘ब्लेड’ला पातं म्हणावं का?

वडगाव, बेळगाव
शब्दाची एक अडचण आहे. चार वर्षं झाली, मी कॅम्पातल्या गोल्फ मैदानावर खेळतो (२०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या दिसला होता, तेच मैदान). आता नवे आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, घ्यायचेत. सोबतचे म्हणतात, ‘हात बसलाय तुझा, आता ब्लेड घे.’ घरी आईला सांगताना मी ‘पात्याची काठी’ म्हणालो. ती म्हणाली, ‘पातं म्हटलं की धार आलीच की. चेंडू कापायचाय काय?’ तेव्हापासून शब्द अडलाय. ब्लेडला मराठीत काय म्हणावं? आणि ‘फोर्ज्ड’ म्हणजेच ब्लेड, बरोबर ना?

उद्यमबाग
दादा, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तिथं पैसे जातात. फोर्ज्ड म्हणजे ब्लेड नव्हे. फोर्ज्ड हे घडवण्याच्या रीतीचं नाव, ब्लेड हे आकाराचं. आपल्याकडं दोन्हीला नेमके शब्द आहेत: घडीव आणि ओतीव. मऊ कार्बन पोलादाचा तुकडा लाल करून डायमध्ये ठोकला की घडीव. मेणाचा नमुना करून त्याच्या साच्यात रस ओतला की ओतीव. माझा जन्म फौंड्रीत गेला, म्हणून ‘ओतीव म्हणजे हलकं’ असं कुणी म्हटलं की मला बोलावंच लागतं. खोलगट पाठीचे आयर्नही घडीव मिळतात. दुकानात ‘फोर्ज्ड’ ऐकून ब्लेड समजू नका.

खानापूर
पात्याबद्दल. आईंचा आक्षेप रास्त आहे, पण शब्द टाकू नये. पात्यात धारेच्या आधी पातळपणा आहे. कांद्याची पात घ्या, गवताचं पातं घ्या, ‘डोळ्याचं पातं लवायच्या आत’ घ्या, यात धार कुठं आहे? माझा कन्नड मित्र ब्लेडला ‘अलगु’ म्हणतो, तो शब्द मात्र तलवारीकडं जातो. आपला शब्द इथं जास्त मोकळा आहे. पातळ, सपाट, मागं खळगा नसलेलं डोकं, ते पातं. त्यातही पाठीला खालच्या बाजूनं जाडी ठेवलेली असते, तिला ‘मसल बॅक’ म्हणतात. तिथं ‘स्नायू’ आणू नका. ‘भरीव पाठीचं पातं’ म्हटलं की हाताला कळतं.

निपाणी
खानापूरकर काकांचं पटलं, पण एक गल्लत राहिली. मैदानावर ‘अरे, ब्लेड झाला!’ असंही ओरडतात. तिथं काठीचा संबंध नाही. डोक्याची खालची कड चेंडूच्या मध्यावर बसली, चेंडू जमिनीलगत सुसाट पळाला आणि बोटं झिणझिणली, की तो फटका ‘ब्लेड’. खोलगट पाठीच्या आयर्ननंही तसा बसतो. मी यासाठी ‘कडेवर बसला’ म्हणते. आईंना हवी ती धार इथं आहे खरी.

उद्यमबाग
ताई, छान पकडलंत. आता ‘कॅव्हिटी बॅक’चं. ‘पोकळ पाठ’ म्हणू नका. आतून खरंच पोकळ असणारे आयर्न वेगळे मिळतात. कॅव्हिटी बॅकच्या पाठीला नुसता खळगा असतो आणि तिथलं वजन काठाला नेलेलं असतं. डोंबारीण दोरीवर लांब काठी आडवी धरते, तसंच हे. वजन टोकांना गेलं की वस्तू सहज पिरगळत नाही. म्हणून चेंडू मध्यापासून सरकून लागला तरी डोकं कमी वळतं, अंतर कमी तुटतं. पात्यात वजन मध्यामागं एकवटलेलं असतं. मधोमध लागलं तर सुख, अर्धा इंच सरकलं तर चेंडू तोकडा पडतो. काठावर वजन नेण्याची ही कल्पना कार्स्टन सोल्हाइम यांनी रुजवली. त्यांच्या ‘पिंग’ कंपनीचं नाव १९५९ च्या पटरच्या (चेंडू भोकाकडं ढकलायच्या काठीच्या) आवाजावरून पडलं, हे शब्दचर्चेत यायलाच हवं. तेव्हा मी ‘खोलपाठी’ सुचवतो.

वडगाव, बेळगाव
‘खोलपाठी’ घेतला. घडीव-ओतीवची गाठ सुटली, त्याचे विशेष आभार काका. माझा सात नंबर (सात नंबरचा आयर्न) अजून दहात चार वेळा टोकाकडं लागतो, म्हणजे माझा हात अजून खोलपाठीचाच आहे. एक मात्र विचारतो. मित्राचा सात नंबर माझ्यापेक्षा लांब का जातो?

उद्यमबाग
कारण ‘सात नंबर’ हाही शब्द सरकलाय. डोक्याचा चेहरा मागं जितका कमी कललेला, तितका चेंडू लांब जातो. पात्याच्या संचात सात नंबरचा हा कोन साधारण ३४-३५ अंश असतो, सुधारणाऱ्या खेळाडूंसाठीच्या बऱ्याच खोलपाठींत २८ ते ३०. म्हणजे त्याचा सात तुमच्या जुन्या सहापेक्षाही उभा असू शकतो. अंतराची तुलना करताना नंबर विचारू नका, अंश विचारा.

खानापूर
आणि दांडी जिथं डोक्यात बसते त्या ‘हॉझल’ला? कुदळीच्या भोकाला आम्ही नेढं म्हणतो. मी तोच शब्द वापरणार.

निपाणी
नेढं! आजोबा म्हणायचे. लिहून ठेवते.