मदत हवी आहे: परसबागेसाठी कोणती औजारे घेणे योग्य ठरेल?

प्रवराकाठ
नमस्कार. घरामागे भाजीपाला लावायचा आहे आणि त्यासाठी औजारे विकत घ्यायची आहेत. ऑनलाइन दुकानांत खुरपे, हातातले छोटे फावडे, पंजा, छाटणीची कात्री आणि हातमोजे असा एकत्र संच मिळतो. त्याला ग्राहकांनी भरपूर तारे दिलेले दिसतात, पण आमच्या शेजाऱ्यांच्या मते तो संच म्हणजे लहान मुलांचे खेळणे आहे. पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. काय घ्यावे, कोणत्या कंपनीचे घ्यावे आणि काय मुळीच घेऊ नये, एवढेच सांगावे. मृग तोंडावर आला आहे, तेव्हा कृपया लवकर उत्तर द्यावे. सेंद्रिय की रासायनिक ही चर्चा येथे नको.

माळरान
जागा किती, जमीन कोणती, पाण्याची सोय काय आणि प्रत्यक्ष राबणार कोण, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. मुरमाड जमिनीत टिकाव आणि पहार यांच्याशिवाय पान हलत नाही, तर पोयट्याच्या जमिनीत नुसत्या कुदळीवर भागते. आधी हे कळवावे.

गच्चीवरचा मळा
माझे स्पष्ट मत असे आहे की जमिनीच्या नादी लागूच नये. पिशव्यांमध्ये कोकोपीट, शेणखत आणि थोडी माती भरली की कुदळही लागत नाही आणि तणाचा प्रश्नही उरत नाही. आमच्या गच्चीवर वांगी, टोमॅटो आणि पालक वर्षभर निघतात, आणि त्यासाठी लागणारी सगळी औजारे एका बादलीत मावतात.

प्रवराकाठ
मी "घरामागे" असे लिहिले होते, "घरावर" नव्हे. जमीन आमच्याकडे सगळ्यांची असते तशीच आहे आणि जागाही फार नाही. कृपया औजारांबद्दल बोलावे.

माळरान
"आमच्याकडे" म्हणजे कुठे, हे आम्हाला कसे कळावे? कोकणातल्या जांभ्या मातीत आणि मराठवाड्यातल्या काळ्या रानात एकच कुदळ सारखी चालत नाही.

प्रवराकाठ
श्रीरामपूरजवळ. काळी, भारी जमीन, साधारण तीन गुंठे. पूर्वी तेथे गोठा होता. नंतर जागा पडीक राहिली आणि आता हराळी व लव्हाळा माजला आहे. सध्या जमिनीला भेगा पडल्या आहेत. झाली का माहिती पूर्ण?

भाता
आता बोलता येईल. काळ्या जमिनीतली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून दगडासारखी होते, म्हणून औजाराइतकेच महत्त्व ते कधी चालवायचे याला आहे. आजच्या स्थितीत चांगली कुदळही उसळून मागे येईल, आणि भर पावसात मातीचे लोदे पात्याला चिकटून औजार दुप्पट जड होईल. विहिरीचे पाणी असेल तर एक तुकडा भिजवावा, वाफसा येऊ द्यावा, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी होऊ द्यावी, आणि मगच खोदायला घ्यावे. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा. बोटाने टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आला, नुसता चेपला गेला तर अजून थांबावे.

औजारांविषयी सांगायचे तर, गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तुमची जागा सव्वातीन हजार चौरस फुटांहून थोडी अधिकच भरते. ऑनलाइन संच कुंड्यांसाठी केलेला असतो. त्यातल्या फावड्याचे पाते आणि मूठ यांना जोडणारी सळई बारीक असते आणि भारी जमिनीत नेमकी तीच वाकते. त्याऐवजी एक कुदळ, एक फावडे, दोन खुरपी, एक विळा आणि एक लोखंडी घमेले घ्यावे. कुदळ व फावडे टाटा अॅग्रिकोचे घेतले तरी चालेल, मात्र खुरपी आणि विळा गावच्या लोहाराकडून करून घ्यावा. लोहार जुन्या गाडीच्या कमानपाट्याचे पाते करत असेल तर उत्तम, कारण त्या पोलादात कार्बन सुमारे 0.5 ते 0.6 टक्के असतो आणि त्याला पाणी दिले, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केले, की ते कडक होते. साध्या सळईच्या मऊ लोखंडाला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही.

लाल माती
आम्ही दापोलीचे. येथील कृषी विद्यापीठाने आंबे काढण्यासाठी नूतन झेला तयार केला आहे, तो अवश्य घ्यावा. देठासकट फळ उतरते आणि चीक अंगावर सांडत नाही. भातकापणीसाठी वैभव विळाही चांगला आहे.

प्रवराकाठ
आमच्याकडे आंबा नाही आणि भातही नाही.

लाल माती
मग एखादे कलम लावावे. तीन गुंठ्यांत सहज बसेल.

यंत्रयुग
तीन गुंठे कुदळीने खोदायचे म्हणजे पहिल्याच आठवड्यात कंबर धरणार आणि बागेचा उत्साह संपणार. पेट्रोलवर चालणारा छोटा पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरून तण काढणारे यंत्र, भाड्याने मिळतो, त्याने हे काम एका सकाळीत उरकते. हौशी माणसाने स्नायूंची परीक्षा कशासाठी पाहायची?

आच्छादन
यंत्राने जमीन उलटीपालटी करण्याची मुळात गरजच नाही. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत आच्छादन आणि वाफसा ही चारपैकी दोन सूत्रे आहेत, ती उगीच नव्हेत. उसाचे पाचट तुमच्या भागात मुबलक आहे. ते वीतभर जाड अंथरावे, रोपापुरती जागा मोकळी ठेवावी आणि खुरप्यापलीकडे एकही औजार घेऊ नये.

माळरान
दोघांनीही प्रश्न नीट वाचलेला दिसत नाही. त्यांनी लव्हाळा असल्याचे सांगितले आहे. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. वीडरच्या पात्यांनी ती साखळी तुटली की प्रत्येक सुटी गाठ स्वतंत्रपणे फुटते, म्हणजे पैसे देऊन तणाची लागवड केल्यासारखे होते. आच्छादनाचे म्हणाल तर लव्हाळ्याचे अणकुचीदार कोंब काळ्या प्लॅस्टिकच्या मल्चिंग कागदालाही भोक पाडून वर येतात, तेथे पाचटाचा काय पाड? हराळीही खालून सरपटत जाऊन दुसऱ्या टोकाला डोके काढते. येथे उभ्याने, पायाने दाबून रोवायचा चार दात्यांचा काटा हवा. तो मुळे न तोडता मातीचे ढेकूळ उचलतो, मग हाताने गाठी वेचता येतात. तालुक्याच्या दुकानात तो सहसा नसतो, म्हणून ऑनलाइन एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्यावी.

आच्छादन
लव्हाळा सावलीत दुबळा होतो, हेही सांगायला हवे होते. दाट सावली करणारी पिके घेतली तर दोन हंगामांत फरक दिसतो.

माळरान
फरक दिसतो हे मान्य, पण या पावसाळ्यात त्यांना भाजी खायची आहे. सगळे तीन गुंठे एकदम हाती घेऊ नयेत, एवढे मात्र मी आवर्जून सांगेन. अर्धा गुंठा काट्याने स्वच्छ करून तेवढ्यातच लागवड करावी आणि उरलेल्या जागेवर तुमचे पाचट खुशाल अंथरावे.

ठिबकप्रेमी
औजारांच्या यादीत मला झारी आणि पाण्याची नळी कुठेच दिसत नाही, म्हणून लिहितो. तीन गुंठ्यांवर पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे दीड हजार लिटर लागते, म्हणजे दहा लिटरच्या दीडशे झाऱ्या. पाच हजारांतला मोठा वाटा ठिबकाच्या 16 मिलिमीटरच्या इनलाइन नळ्या (ज्यांत थेंब सोडणारी तोंडे आतच बसवलेली असतात) आणि एक गाळणी यांवर खर्च करावा. एक सावधगिरी बाळगावी: टाकी तीन मीटर उंचीवर असेल तर दाब जेमतेम 0.3 किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतो, त्यामुळे नळ्यांची लांबी कमी ठेवावी.

प्रवराकाठ
पाण्याचे मी विचारले नव्हते, पण दीडशे झाऱ्यांचा हिशेब वाचून झारीचा बेत रद्द केला आहे.
आणखी दोन गोष्टी आहेत. खुरपणी आई करणार आहे. तिचे वय सत्तरच्या पुढे आहे आणि गुडघ्यांमुळे तिला उकिडवे बसता येत नाही. बाकीचे काम मी करणार, आणि मी डावखुरा आहे. शेजाऱ्यांचे खुरपे आणि विळा चालवून पाहिला तर नीट लागत नाही. यामुळे काही फरक पडतो का?

भाता
फरक पडतो का? हे पहिल्याच संदेशात लिहिले असते तर अर्धा धागा वाचला असता! बहुतेक खुरप्यांचे पाते उजव्या हाताच्या ओढीप्रमाणे एका अंगाला वळवलेले असते आणि दातेरी विळ्याचे दाते पात्याच्या एकाच बाजूला कापलेले असतात. डाव्या हातात धरल्यावर ते गवत कापण्याऐवजी ढकलतात. गावच्या लोहाराला तुमचा डावा हात दाखवून उलट्या वळणाचे खुरपे आणि बिनदात्यांचा, दोन्ही अंगांनी धार लावलेला विळा करून मागावा; हे काम कोणताही ऑनलाइन संच करू शकणार नाही. आमच्याकडे द्राक्षबागेत जिला सिकेटर म्हणतात ती छाटणीची कात्रीही उजवी-डावी असते, पण वांगी-मिरचीला ती लागत नाही. तिचे पैसे तूर्त वाचवावेत.

आईंसाठी छातीपर्यंत येणाऱ्या दांड्याचे, उभ्याने पुढेमागे ओढायचे खुरपे करून घ्यावे. दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा असावा, लाकडाच्या रेषा त्याच्या लांबीबरोबर धावलेल्या असाव्यात आणि त्याला रंग दिलेला नसावा, कारण रंगाखाली गाठ लपते.

यंत्रयुग
धार लावायला ग्राइंडर घ्यावा, मिनिटात काम होते.

भाता
ग्राइंडरने पाते तापून निळी झाक आली की दिलेले पाणी उतरते आणि तेवढा भाग मऊ पडतो. एक चपटी कानस पुरेशी आहे.

प्रवराकाठ
तर यादी अशी केली आहे: कुदळ, फावडे, घमेले, चार दात्यांचा काटा, लोहाराकडून डावे खुरपे आणि डाव्या हाताला चालेल असा विळा, आईसाठी लांब दांड्याचे खुरपे, एक कानस, उरलेल्या रकमेत अर्ध्या गुंठ्यापुरते ठिबक. लोहाराशी बोलणे झाले आहे, पण तो दांडे देत नाही, फक्त पाती देतो. दांडा घरी बसवता येईल का?

भाता
येईल. दांडा पूर्ण वाळलेला असावा, ओला बसवला तर महिनाभरात आकसून ढिला होतो. नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, घट्ट बसेल इतकाच तासावा, वरून लाकडाची पाचर ठोकावी आणि दांड्याला जवसाचे तेल चोळावे. कुदळ ढिली वाटली की ती रात्रभर पाण्यात ठेवण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. त्याने लाकूड तेवढ्यापुरते फुगते आणि वाळल्यावर अधिकच सैल होते, म्हणून पाचरच बदलावी.

गच्चीवरचा मळा
एवढा खटाटोप वाचून मला माझ्या पिशव्याच बऱ्या वाटतात. जाता जाता विचारतो, ते पाचट मुंबईत कुठे मिळेल?