मदत हवी आहे: बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, फर्ग्युसन की मॉडर्न (शिवाजीनगर)?

भाचीला बारावी सायन्सला ७८ टक्के आहेत. गणित आवडतं, पण परीक्षेत घाबरते; येणारं गणितही अर्धवट सोडून येते. पुढे एमएस्सी, जमलं तर परदेशात. म्हणून शिकवणं कसदार हवं आणि सीजीपीएही (सगळ्या सेमिस्टरची दहापैकी सरासरी) आठच्या खाली जायला नको. (दोन्ही एकदम मागतोय, माहितीये!)

दोन्ही कॉलेजं स्वायत्त, म्हणजे पदवी पुणे विद्यापीठाची असली तरी पेपर काढणार आणि तपासणार कॉलेजच. त्यामुळे एकीकडचा आठ आणि दुसरीकडचा आठ सारखा धरता येत नाही. आप्पा बळवंत चौकात जुने पेपर शोधले, मिळाले ते सगळे विद्यापीठाचे. एका कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन मुलींना विचारलं. एक म्हणाली, ‘इंटर्नल सांभाळलं की झालं.’ दुसरी नुसती हसली.

राहणार धायरीत घरीच, हॉस्टेल नको. प्लेसमेंटचं विचारत नाहीये. इंजिनिअरिंग सुचवू नका, ते घरात भांडून झालंय.

गेल्या दोन-तीन वर्षांत इथून स्टॅटिस्टिक्स केलेल्यांनी सांगावं: नियमित अभ्यास करणाऱ्या मध्यम मुलीला तिसऱ्या वर्षाअखेर साधारण किती सीजीपीए पडतो, आणि अडलं तर सर-मॅडम वर्गाबाहेर वेळ देतात का?