पांदणीतला गारा (चिखल) शेजारी माझ्या फाटकापुढं लोटून राह्यले, काय करावं?

काळी_माती_यवतमाळ

राम राम सगळ्यांना. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, इथं ओळखीचे लोक वाचतात. आमचं घर गावठाणात नाही, वावरातच आहे, कोठा पण तिथंच, आणि डांबरी रोडवरून आत यायला एकच पांदण, म्हणजे वावरांमधला कच्चा रस्ता. जमीन सगळी काळी, त्यामुळं मृग बरसला की गारा सुरू आणि जुलैत तर टोंगळ्याएवढा, बंडीचं चाक अर्धं आत जाते, बैल पण थांबून पाहतात. हे वडलांच्या काळापासून असंच आहे, त्याची तक्रार नाही माझी.

तक्रार ही आहे की माझ्या आधी, म्हणजे रोडच्या बाजूनं, एका काकाजींचं घर आहे, त्यायनं मागच्या साली ट्रॅक्टरला मागं ब्लेड बसवली, आता पाऊस उघडला की स्वतःच्या फाटकापुढचा गारा खरडतात आणि आत लोटतात. रोडकडं लोटला तर त्यायचाच रस्ता बंद होते न, म्हणून आत. आणि आत म्हणजे बरोबर माझं फाटक. सकाळी उठून पाहतो तर मांडीएवढा ढीग, दुधाची कॅन मोटरसायकलवर नेता येत नाही, डोक्यावर घेऊन रोडपर्यंत जावं लागते, पोरगी शाळेची चप्पल हातात घेऊन चालते. वरून त्या ढिगानं पांदणीतलं पाणी अडते, ते फुटून माझ्या सोयाबीनमध्ये घुसलं, चार तासं, म्हणजे ओळी, पिवळी पडली.

काकाजी परके नाहीत, वडलांसोबत एकाच बंडीनं कापूस विकायला जायचे. बोललो तर म्हणतात पांदण सरकारी आहे, मी माझ्या घरापुढचं साफ केलं, तू तुझ्या घरापुढचं कर. आता माझ्याकडं ट्रॅक्टर नाही. जेसीबी बोलावला तर तासाचे पैसे, आणि गारा त्यायचा, पैसे मी काऊन द्यायचे? भाऊ म्हणते की आपणही जेसीबी आणून सगळा ढीग त्यायच्या फाटकात टाकू. मले ते पटत नाही पण रोज सकाळी पाहिलं की डोकं गरम होते. कायद्यात काही आहे का, का फक्त भांडणच?

धुऱ्याचा_राखणदार

भाऊला आवरा आधी. एक ढीग तुम्ही तिकडं टाकला की पुढं कोणी विचारत नाही पहिला कोणी टाकला, दोघंही सारखेच होता. आमच्या इकडं अशाच गोष्टीवरून दोन घरं कोर्टात गेली, धुरा (वावराचा बांध) राहिला एकीकडं आणि फौजदारी सुरू झाली, तारखा अजून चालू आहेत. फोटो काढून ठेवा, मोबाईलमध्ये तारीख दिसेल असे, ढीग आणि फाटक एकाच फोटोत आले पाहिजे.

रोडवरचं_घर

मी थोडं वेगळं सांगतो, राग नका मानू. तुमच्या काकाजीच्या जागी मी आहे आमच्या गावात, म्हणजे पांदणीच्या तोंडाशी घर. आत जेवढ्यायची वावरं आहेत तेवढ्या सगळ्यायचे ट्रॅक्टर, फवारणीचे टँकर, सोंगणीच्या वेळी थ्रेशर, सगळं माझ्या फाटकापुढून जाते. चाकोऱ्या माझ्यापुढं पडतात, आतल्याच्या घरापुढं दोन ट्रॅक्टर जात असतील तर माझ्यापुढं सगळे. मग मी खरडलं की आतले म्हणतात आमच्याकडं लोटतो, आणि नाही खरडलं तर तेच म्हणतात रस्ता खराब आहे. दरसाली डिझेल माझं जळते, आजपर्यंत कोणी म्हटलं नाही की भाऊ घे पन्नास रुपये.

त्यायनं तुमच्या फाटकापुढं ढीग लावला हे चुकीचंच आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही त्यायले हे विचारलं का की काकाजी, गारा टाकायचा कुठं? कारण दोन्हीकडं लोकायचे धुरे, कोणी टाकू देत नाही. जागा ठरवून दिली तर माणूस आपोआप तिथं टाकते. ब्लेडवाला ट्रॅक्टर गावात असणं चांगलं आहे, त्याले शत्रू करून घेऊ नका.

अर्जवाला_पुसद

तहसीलसमोर बसून अर्ज लिहून द्यायचं काम करतो, रस्त्याचे अर्ज पावसाळ्यात सगळ्यात जास्त येतात, म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट, लोक दोन कलमांत घोळ करतात आणि तिथंच प्रकरण पडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 हे ज्याला रस्ताच नाही त्याच्यासाठी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या वावराच्या हद्दीवरून नवीन वाट मागायची तर. तुमची पांदण आहेच, वहिवाट आहेच, फक्त अडवली आहे. तर तुमचा अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडं. या कलमात रस्त्याचा अडथळा तर आहेच, पण शेतातलं पाणी नैसर्गिक उतारानं जात असताना कोणी अडवलं आणि त्यानं पिकाचं नुकसान होत असेल तर तो अडथळा काढायचा अधिकार पण तहसीलदाराला आहे. तुमच्या ढिगानं दोन्ही झालं. दोन्ही मुद्दे लिहा, नुसता रस्ता लिहू नका.

आणि मुदत. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकावा लागते. लोक दिवाळीपर्यंत वाट पाहतात, मग सोंगणी, मग कापूस, मग लग्नसराई, आणि मे मध्ये आमच्याकडं येतात तेव्हा मुदत निघून गेलेली असते. तुम्ही समेट करा, बोला, सगळं करा, पण ही तारीख डोक्यात ठेवा.

दुसरं, काकाजी म्हणतात पांदण सरकारी आहे. बरोबर आहे, पण सरकारी आहे म्हणूनच तिच्यावर ढीग लावायचा हक्क कोणालाच नाही. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा. नुसत्या पायवाटेला एक तुटक रेघ असते, रुंदी सव्वाआठ फूट, आणि गाडीमार्गाला दोन तुटक रेघा, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुमच्या पांदणीला दोन रेघा असतील आणि आज जागेवर आठ-नऊ फूटच उरली असेल, तर बाकीची दोन्हीकडच्या धुऱ्यांनी खाल्ली आहे. गाऱ्याचं भांडण बहुतेक वेळा त्या हरवलेल्या रुंदीचं भांडण असते, रस्ता पुरा असता तर गारा बाजूला टाकायला जागा राहिली असती.

आणि आपल्या विदर्भासाठी एक जास्तीची गोष्ट आहे, बाकी महाराष्ट्रात ती नाही. संहितेची कलम 161 ते 167 फक्त विदर्भाला लागू आहेत. त्यात निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या मोकळ्या जमिनीच्या वापराचा कागद, आणि वाजिब-उल-अर्ज येते. वाजिब-उल-अर्जमध्ये गावाच्या रूढी लिहिलेल्या असतात, पाण्याचा हक्क, येण्याजाण्याचा हक्क, असं सगळं. जुनं कागद आहे, कोणी काढत नाही, पण तुमच्या पांदणीची नोंद त्यात निघाली तर समोरचा वकील फार काही बोलू शकत नाही. रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज टाका.

काळी_माती_यवतमाळ

एवढं कोणी नीट सांगितलं नव्हतं, धन्यवाद अर्जवाले भाऊ. नकाशा वडलांच्या ट्रंकेत सापडला, जुना, फाटका आहे पण दोन तुटक रेघा स्पष्ट दिसतात. जागेवर मापलं तर माझ्या फाटकापाशी कशीबशी दहा फूट. माझ्या धुऱ्याला लागून बाभळीची रांग आहे, ती पण बहुतेक पांदणीतच येते, म्हणजे मोजणी आली तर माझं पण थोडं जाईल, जाऊ द्या, रस्ता होत असेल तर मले चालते.

रोडवरचं घर, तुमचं पटलं. जागेचं मी विचारलं नव्हतं. पण रोज ज्याच्या फाटकात ढीग पडते त्यानं आधी जाऊन जागा ठरवून द्यायची, हे पण थोडं जड जाते न भाऊ.

पिवळा_पंजा

जेसीबी चालवतो, वर्धा यवतमाळ दोन्हीकडं. मालकाचं नुकसान होईल असं बोलतो पण बोलतोच. जुलैत पांदण खरडायला मले बोलावू नका. ब्लेडनं पण नका खरडू. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगा पडतात, तिच्यात जी चिकण माती आहे तिचा गुणच तो आहे. ओल्यात वरचा थर काढला की खालचा थर उघडा पडते, तो पाणी पितो, दोन दिवसात तोही गारा. असं दरसाली वितभर वितभर करत पांदण वावरापेक्षा खाली जाते, आणि मग ती पांदण राहत नाही, नाला होते. आसपासच्या सगळ्या वावरायचं पाणी तिच्यात. मी अशा पांदणी पाहिल्या आहेत की दोन्हीकडचे धुरे डोक्यावर येतात.

तुमच्याकडं रस्ता बाजूच्या वावरापेक्षा किती खाली आहे ते पहा. जास्त खाली असेल तर आता पावसाळाभर फक्त पाणी काढून द्या, फावड्यानं एका बाजूनं चारी पाडा, नाल्याकडं. गारा पाण्यानं होते, मातीनं नाही. पाणी गेलं की चार दिवसात बंडी चालते.

समुद्रपूरची_मंगल

आमच्या बचत गटातल्या बायांनी मागं लावून धरून पांदण करून घेतली म्हणून लिहिते. माणसं ग्रामसभेत भांडण घेऊन येतात, आम्ही ठराव घेऊन गेलो. 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आहे, रोजगार हमीतून काम होते, पण ग्रामसभेचा ठराव आणि अतिक्रमण काढून मोकळी जागा पाहिजे, तिथंच गाडी अडते. आमच्या पांदणीत पण दोन घरं अशीच एकमेकांच्या दारात गारा लोटायची, दोन्ही घरच्या बाया हळदीकुंकवाला पण जात नव्हत्या एकमेकींकडं.

आम्ही काय केलं, एप्रिलात वावरं रिकामी असताना सगळ्यांना एकदाच पांदणीवर उभं केलं. घरी बसून कोणी ऐकत नाही, जागेवर उभं राहिलं की डोळ्यानं दिसते पाणी कुठून येते. दोन्हीकडून चारी काढली, चारीची माती मधात टाकून रस्ता उचलला, मधात उंच दोन्हीकडं उतार, वर मुरूम, आणि मुरूमावर पाणी मारून तो ओलसर असतानाच रोलर. मुरूम आणायला तहसीलची परवानगी आणि रॉयल्टी लागते, चोरून आणू नका, मधातच ट्रॅक्टर पकडला की सगळं काम थांबते. ज्याच्याकडं पैसा नव्हता त्यानं मजुरी दिली, ज्याच्याकडं ट्रॅक्टर होता त्यानं फेऱ्या मारल्या.

आणि दादा, तो गारा फेकायची वस्तू नाही. ती तुमच्या सगळ्यांच्या वावरातूनच वाहून आलेली वरची माती आहे, सगळ्यात सकस. आमच्याकडं एका भावाचं वावर बरड, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीचं होतं, तो म्हणाला सगळा गारा माझ्याकडं टाका, वाळल्यावर पसरवला त्यानं. ज्या ढिगावरून भांडण होतं तो न्यायला माणूस मिळाला. तुमच्या गावात पण असेल कोणी बरडवाला, विचारा.

तुमच्या काकाजींच्या घरी काकू असतील तर तुमच्या घरच्यांना आधी त्यांच्याकडं पाठवा. पुरुषांचं बोलणं दारात होते, बायांचं चुलीजवळ, तिथं जास्त खरं बोलतात.

धुऱ्याचा_राखणदार

मंगलताई, तुमचं म्हणणं लाखाचं, पण ह्यांच्याकडं एप्रिल यायला वेळ आहे, तोपर्यंत लेकरू चिखलातून जाते त्याचं काय?

समुद्रपूरची_मंगल

तोपर्यंत फाटकापुढं दगडगोटे टाकून त्यावर जुन्या सिमेंटच्या पिशव्यांत मुरूम भरून अंथरा, पायापुरती वाट होते. पऱ्हाट्या (कापसाची वाळली झाडं) नका टाकू, सडतात आणि घसरते.

काळी_माती_यवतमाळ

काल संध्याकाळी बायको काकूकडं गेली होती. कळलं ते असं की काकाजींच्या अंगणात मागच्या पावसाळ्यात दोनदा पाणी शिरलं, तूर भिजली कोठ्यात, त्यायनं ब्लेड त्याच्यासाठी घेतली. हे आमच्यापैकी कोणालेच माहीत नव्हतं. राग गेला असं म्हणत नाही, ढीग अजून तिथंच आहे, पण आज सकाळी काकाजी स्वतः पांदणीत उभे होते आणि मी पण गेलो. पिवळा पंजा भाऊनं सांगितलं तसं दोघांनी मिळून पाहिलं, त्यायच्या घरापुढं पांदण कमरेएवढी खाली आहे. चारी नाल्याकडं काढायची तर मधात तिसऱ्याचं वावर लागते, त्यायले विचारावं लागेल. काकाजींनी ढीग ट्रॉलीनं उचलतो म्हटलं, पण उघाड पडल्यावर. उघाड कधी पडेल आणि ते तेव्हा उचलतील का, हे मले माहीत नाही. म्हणून अर्जवाले भाऊ, एक विचारतो, बोलणं चालू असताना दावा टाकला तर ते तुटेल का?

अर्जवाला_पुसद

आज टाकू नका. आज तलाठ्याकडं साधा अर्ज द्या, आता त्यायले ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, की पांदणीत अडथळा आहे आणि पाणी पिकात शिरलं, जागेची पाहणी करून पंचनामा व्हावा. अर्जात काकाजींचं नाव घालायची गरज नाही, पांदण आणि तिच्या दोन्ही बाजूचे गट नंबर घाला. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका. त्या कागदानं काकाजींचं काही बिघडत नाही, पण पुढं ढीग उचलला गेला नाही तर तारखेचा पुरावा तुमच्याकडं राहते. पंचनाम्याला काकाजींनाच साक्षीदार म्हणून उभं करा, पाणी त्यायच्या पण घरात शिरलं आहे, त्यायची तूर पण त्यात लिहून घ्या.

तिसऱ्याच्या वावरातून चारीचं म्हणता तर ते तोंडी ठरवू नका. स्टॅम्प पेपरवर नको म्हणत असतील तर साध्या कागदावर घ्या, पण रुंदी, खोली आणि कोणत्या धुऱ्यानं जाते ते लिहून तिघांच्या सह्या. पुढची पिढी वावर वाटून घेते तेव्हा तोंडी चारी पहिली बुजवतात.

मोजणीचं आणि रुंदीचं दिवाळीनंतर काढा. 2025 च्या मे महिन्यात शासन निर्णय झाला आहे, शेतरस्ता कमीत कमी तीन ते चार मीटरचा आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात त्याची नोंद. ती नोंद करून घ्या, तुमच्या बाभळी जात असतील तरी. नोंद झाली की उद्या काकाजींचा पोरगा असो की तुमची पोरगी, पांदण कोणाची हे विचारायची वेळ येत नाही.