रात्रशाळांची पारख दहावीच्या टक्क्यांवरून करावी का?

परळकर (चर्चाप्रस्ताव; मथळ्यांतली नावे ही चर्चेतल्या सहभागींची टोपणनावे)

दहावीचा निकाल लागला की शाळानिहाय टक्केवारीच्या याद्या हातोहात फिरतात आणि मुंबईतल्या रात्रशाळा त्यांत बहुधा तळाशी असतात. २०२४ मध्ये राज्यातील नियमित विद्यार्थ्यांपैकी ९५.८१ टक्के उत्तीर्ण झाले. या आकड्याशेजारी रात्रशाळेचा आकडा मांडला की शाळेवर शिक्का बसतो, पुढच्या जूनमध्ये पट घटतो आणि पट घटला की तुकडी टिकवणे अवघड होते.

या वर्गात बसते कोण, हे मात्र त्या यादीत कुठेच दिसत नाही. मस्जिद बंदरच्या पेढीवर दिवसभर माल उचलणारा मुलगा, कुरिअरच्या पिशव्या वाहणारा, चार घरची धुणीभांडी उरकून आलेली मुलगी, सातवीत शाळा सुटून काही वर्षांनी परतलेला, उत्तर प्रदेशातून कामासाठी येऊन मराठी माध्यमात दाखल झालेला. शाळा साधारण साडेसहाला भरते आणि साडेनऊला सुटते. रात्रशाळेची टक्केवारी द्यायचीच असेल, तर ती स्वतंत्रपणे आणि विद्यार्थ्यांचे वय, शिक्षणातील खंड व कामाचे तास यांच्या नोंदीसह द्यावी; एरवी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताळेबंद

मी याच्याशी सहमत नाही. आयटीआयची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते आणि तिथे उमेदवार दिवसा शिकला की रात्री, हे कोणी विचारत नाही. ज्या मुलाला दिवसभर राबून तीन वर्षे वर्गात घालवायची आहेत, त्याला आपली शाळा गणितात किती मुलांना पार करते हे प्रवेशाआधी कळलेच पाहिजे. तो हक्क आपण त्याच्या भल्याच्या नावाखाली काढून घेत आहात.

दुसरे असे की परिस्थितीच्या नोंदीची ढाल व्हायला वेळ लागत नाही. 'आमची मुले काम करणारी आहेत' हे वाक्य एकदा कागदावर मान्य झाले की बीजगणित न शिकवल्याचा जाब कोणाला विचारणार? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती कमी शिकवण्यासाठी खचितच नव्हे.

रात्रीची शिक्षिका

ताळेबंद यांची तळमळ पटते, पण जाब नेमका कोणाला विचारायचा ते आधी पाहावे. आमच्या वेळापत्रकात गणिताचा तास कधीच पहिला नसतो, कारण दुकानातली मुले सातच्या आत पोहोचत नाहीत. पहिल्या तासाला हजेरीपटावर निम्म्या रकान्यांत गैरहजेरी असते आणि दिवाळीच्या आधी दोन आठवडे तर वर्ग ओसच असतो. आम्ही बसतो प्राथमिकच्या वर्गात, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाचे गुडघे बाकाखाली मावत नाहीत. प्रयोगशाळेची किल्ली दिवसशाळेच्या शिपायाकडे असते आणि तो सहाला घरी जातो. विज्ञानाचे प्रयोग मी फळ्यावर आकृती काढून 'करते'.

मुलींबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. साडेनऊनंतर वस्तीच्या आतल्या गल्लीत एकटीने जायचे, या एका कारणाने नववीनंतर मुली गळतात. अभ्यासात त्या मागे असतात म्हणून नव्हे. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरण्याच्या सरकारी प्रणालीत, आम्ही लिंग, जात, धर्म, मातृभाषा, दारिद्र्यरेषा हे सगळे भरतो. मूल दिवसा कुठे आणि किती तास काम करते, यासाठी मात्र रकाना नाही. परळकर जी नोंद मागत आहेत, ती आज कोणाच्याच हाती नाही.

छेद-अंश

आकड्यांबद्दल थोडे. टक्केवारी काढली जाते ती परीक्षेला बसलेल्यांवर, नववीत दाखल झालेल्यांवर नव्हे. कच्च्या मुलाला नववीतच अडवले, किंवा १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसायला सांगितले, की शाळेचा निकाल आपोआप सुधारतो. जी रात्रशाळा अशा मुलाला धरून ठेवते आणि परीक्षेला बसवते, तिचाच आकडा पडतो. शिवाय अठरा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी मालकाने सोडले नाही की शाळा 'घसरली'.

खुद्द राज्याचा निकालही किती हलतो ते पाहा. २०१८ मध्ये तो ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि तो ७७.१० वर आला. गुण परत मिळाले आणि २०२० मध्ये ९५.३० झाला. दोन वर्षांत मुलांची बुद्धी घटली आणि वाढली, असे कोणी म्हणणार नाही.

ताळेबंद

छेदाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी आकडे लपवण्याऐवजी वाढवायला सांगेन. नववीत किती दाखल झाले, दहावीला किती बसले, किती उत्तीर्ण झाले, आणि हे सगळे पाच वर्षांचे एकत्र. लहान वर्गाचे हेलकावे त्यात शमतील आणि मुले गाळणारी शाळा उघडी पडेल.

प्रयोगशाळेच्या किल्लीचे वाचून मात्र संताप आला. तसेच मे २०१७ च्या शासन निर्णयाने दिवसा एका आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार नोकरीच्या शिक्षकांना बाजूला केले, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्गावर कोण उभे राहणार याची आधी तजवीज व्हायला हवी होती. पण हे दोष दिसायला शेवटी निकालच लागतो. पडलेला आकडा दाखवल्याखेरीज किल्ली कोणी देणार नाही.

परळकर

येथे आपले मतभेद कायम राहतील. पडलेला आकडा पाहून किल्ली मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. तुकडी बंद झाल्याचे पाहिले आहे. तरीही नववीच्या पटापासून पाच वर्षांचा हिशेब मांडायला माझी हरकत नाही, मात्र त्यात आणखी एक गोष्ट धरावी लागेल. २०१५ पासून अनुत्तीर्णांची पुरवणी परीक्षा जुलैमध्ये होऊ लागली. आमच्याकडची कितीतरी मुले मार्चमध्ये एका विषयात अडकतात, मालकाकडून दोन आठवड्यांची रजा काढतात आणि जुलैमध्ये सुटतात. यादी तोवर फिरून गेलेली असते आणि शाळेच्या खात्यावर ती मुले कायमची नापास राहतात. ताळेबंद यांच्या पाच वर्षांच्या हिशेबात जुलैचे उत्तीर्ण मोजले जाणार असतील, तर तो हिशेब मी स्वतः आमच्या शाळेच्या दारावर लावीन.

रात्रीची शिक्षिका

आणि त्या हिशेबात मुलींचा रकाना वेगळा ठेवा. नववीत किती होत्या आणि दहावीला किती उरल्या, एवढे दिसले तरी शाळा साडेआठला सोडण्याची किंवा सोबतीला माणूस देण्याची मागणी आम्हाला कागदावर करता येईल.